कोर्स स्वस्त, यंत्र महाग: ट्रॅक्टर मेकॅनिकचं प्रमाणपत्र आणि आपलं कर्ज



दहावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत कर्जमागणीचे अर्ज वाढतात. हल्ली त्यात एक कारण सारखं दिसतं : “मुलाला आयटीआयला ट्रॅक्टर मेकॅनिकला घालायचंय.” काही ठिकाणी मुलीसाठीही विचारणा होते, ही आनंदाची गोष्ट. गावोगावी ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, थ्रेशर वाढलेत आणि बिघाड झाला की मिस्त्री तालुक्याहून बोलवावा लागतो. म्हणजे काम आहे. पण त्या कामातून कर्ज फिटेल का, हा प्रश्न वेगळा आहे. तोच आज समजून घेऊ.

कोर्स कोणते?

आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ हा ट्रेड एक वर्षाचा आहे आणि ‘मेकॅनिक अ‍ॅग्रिकल्चरल मशिनरी’ दोन वर्षांचा. सरकारी आयटीआयची फी खाजगीपेक्षा बरीच कमी असते, म्हणून प्रवेशाचा पहिला प्रयत्न तिथेच करा. फीसोबत वसतिगृह, एसटीचा पास, गणवेश, हत्यारं हा खर्चही लिहून काढा. पुष्कळदा फीपेक्षा हाच खर्च जास्त निघतो.

कोर्सनंतर अ‍ॅप्रेंटिसशिप करता येते. 2019 च्या नियमांत आयटीआय प्रमाणपत्र असलेल्याला महिन्याला किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. सध्या किती मिळतं ते आयटीआयमध्येच विचारा. या पैशात मुलाचं बाहेरगावी राहणं-खाणं कसंबसं भागतं. “पोरगा शिकून बाहेर पडला की लगेच हप्ते भरेल,” असं धरून चालू नका. पहिलं वर्ष हात बसण्याचं असतं.

मोठं कर्ज नंतर येतं

कोर्ससाठी काढलेलं कर्ज बहुतेक वेळा लहान असतं. खरं ओझं नंतर येतं. दुकान टाकायचं, हत्यारं घ्यायची, नाही तर थेट ट्रॅक्टर-थ्रेशर घ्यायचा म्हटलं की आकडा लाखात जातो. यंत्र दुरुस्त करता येणं आणि यंत्र भाड्याने चालवून धंदा करणं ही दोन वेगळी कामं आहेत. प्रमाणपत्र पहिल्याचं मिळतं, कर्ज मात्र दुसऱ्यासाठी काढलं जातं.

एक हिशोब मांडू. यातले आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला.

समजा, दुरुस्तीच्या दुकानासाठी 1 लाख रुपये कर्ज घेतलं. व्याज वर्षाला 12 टक्के, घटत्या बाकीवर, मुदत तीन वर्षं. महिन्याचा हप्ता येतो साधारण 3,321 रुपये. दुकानाचं भाडं 1,500 आणि लाइटबिल 500 धरा. म्हणजे महिन्याला 5,321 रुपये आधी बाजूला काढायचे. सुट्या भागांचे पैसे वजा जाता एका कामामागे 300 रुपये सुटत असतील, तर महिन्यातली पहिली 18 कामं यातच गेली. घरात पैसा येतो तो एकोणिसाव्या कामापासून.

सोयाबीनच्या मळणीत, ऑक्टोबरमध्ये, 18 कामं आठवड्यात होतील. पण ऑगस्टमध्ये? पेरणी उरकलेली, यंत्रं गोठ्याशेजारी उभी. हप्ता मात्र दर महिन्याला येतोच. म्हणून सही करण्याआधी विचारा : हप्ता हंगामाप्रमाणे, सहा महिन्यांनी भरता येईल का? नाही म्हणाले तर हंगामातल्या कमाईतून रिकाम्या महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवायचे, हे घरात आधीच ठरवा.

व्याज कशावर लावतात?

वरचंच कर्ज कोणी ‘फ्लॅट 12 टक्के’ म्हणून दिलं, तर? मग पूर्ण 1 लाखावर तिन्ही वर्षं व्याज लागतं : 36,000 रुपये. घटत्या बाकीवर ते साधारण 19,572 होतं. टक्का तोच, पण फरक 16,000 रुपयांहून जास्त. दर ऐकून मान हलवू नका, “एकूण किती फेडायचे?” हे लिहून मागा. महिना शेकडा दोन म्हणजे वर्षाला 24 टक्के, हेही ध्यानात असू द्या.

अनुदानाचं काय?

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेत महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प-अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांना बहुतेक यंत्रांवर 50 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. त्याला कमाल रकमेची मर्यादा असते. आपल्याकडे अर्ज महाडीबीटीवर होतो. आधी पूर्वसंमती, मग खरेदी. अनुदान खरेदी आणि तपासणीनंतर खात्यात येतं. म्हणजे सुरुवातीला पूर्ण किंमत उभी करावी लागते आणि तेवढ्या काळाचं व्याज आपल्याच अंगावर.

‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतही हाच हिशोब लावा. गटाला ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये मदत आणि एका ताईला 15 दिवसांचं प्रशिक्षण. पण उरलेली रक्कम गटाचीच. आपल्या भागात वर्षाला किती एकर फवारणी मिळेल, हे आधी मोजा.

कोणाला विचारायचं?

अमेरिकेत ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ नावाची सरकारी वेबसाइट आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजमधून एखादा कोर्स केलेल्यांची कमाई किती आणि कर्ज किती, हे त्यावर बघता येतं. फार कमी मुलं असलेल्या कोर्सचे आकडे मात्र दिसत नाहीत. त्यात ‘मधला’ आकडा देतात. म्हणजे सगळ्यांना कमाईप्रमाणे ओळीत उभं केलं, तर मधोमध जो येईल त्याची कमाई.

ही युक्ती आपणही वापरू शकतो. कोर्सच्या जाहिरातीत सगळ्यात जास्त कमावणाऱ्याचा फोटो असतो. आपण त्याच आयटीआयमधून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच-सात मुलांना फोन करायचा. आज काय करतोस, हातात किती पडतात, कर्ज किती बाकी आहे? मग मधला आकडा धरून हिशोब करायचा.

कर्ज कोणाच्या नावावर, यंत्र कोणाच्या?

आपल्या प्रभागसंघात हे मोकळेपणाने बोललं पाहिजे. गटाचं कर्ज ताईच्या नावावर असतं आणि यंत्राचं बिल मुलाच्या किंवा मालकांच्या नावावर. हप्ता थकला की बैठकीत मान खाली कोणाची जाते? ताईची. मंगळसूत्र गहाण कोणाचं पडतं? तिचंच. कर्ज तुमच्या नावावर असेल तर बिलही तुमच्या नावावर घ्या. कमाईची वही घरात ठेवा आणि आठवड्याला स्वतः बघा.

गटात अर्ज आला की हे पाच प्रश्न विचारा

1. कर्ज कोर्ससाठी आहे की यंत्रासाठी? यंत्रासाठी असेल, तर मुलाने निदान एक हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली काम केलंय का?
2. वर्षात कामाचे दिवस किती, रिकामे महिने कोणते?
3. खर्च जाऊन एका कामामागे किती सुटतात?
4. एकूण किती फेडायचे आणि व्याज कशावर?
5. बिल कोणाच्या नावावर?

उत्तरं मिळाली नाहीत म्हणून अर्ज फेटाळू नका. पुढच्या बैठकीत उत्तरं घेऊन यायला सांगा. आकडेमोड जमत नसेल तर सीआरपी ताईला सोबत घ्या, कॅल्क्युलेटर मोबाईलमध्ये आहेच. मुलं जरूर शिकू द्या. मोठं कर्ज मात्र हातात काम दिसल्यावरच काढा.

– तुमची क्षेत्र समन्वयक