मोबाईल काढून घेतला, मग मुलगी सांगणार कुणाला?

आठवी-नववीच्या एखाद्या उर्दू माध्यमाच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून पाहा. नावे मुलींची, नंबर घरच्यांचे. कुणाचा अब्बूंचा, कुणाचा मोठ्या भाईचा, कुणाचा मामूंचा. घरात इंटरनेट असलेला फोन एकच असतो आणि तो ज्याच्या खिशात, त्याचाच नंबर शाळेत लिहिलेला. म्हणजे मुलींच्या वर्गाच्या ग्रुपमध्ये प्रत्यक्षात बरेचसे पुरुष बसलेले असतात. नज्म पाठ करून आवाजात पाठवा असे ग्रुपवर लिहिले की दोन-चार मुली पाठवतात, बाकीच्या गप्प. तो आळस नसतो. आपला आवाज कोण कोण ऐकणार, हा हिशेब त्यांना शिकवावा लागत नाही.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे ग्रुप घाईघाईने तयार झाले. शाळा उघडल्या, ग्रुप मात्र राहिले. ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि डीपी ठेवला असेल तर बहुतेक वेळा तोही. यावर एक साधा उपाय आहे, ब्रॉडकास्ट लिस्ट. शिक्षकांचा एक निरोप सर्वांना जातो, पण कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही आणि उत्तर फक्त शिक्षकांकडे येते. अट एकच, पालकांनी आपल्या फोनमध्ये शिक्षकांचा नंबर सेव्ह केलेला हवा.

पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. मूल आणि शिक्षक असे दोघेच बोलू लागतात, आणि तेही योग्य नाही. म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. निरोप पालकांच्याच नंबरवर जाईल. मुलींचे पाठांतर बाईंकडेच येईल. मगरिबनंतर कुणालाही मेसेज नाही. ‘हे घरी सांगू नकोस’ किंवा ‘वाचून डिलीट कर’ असे जो कुणी मुलाला लिहितो, तो शाळेतला सर असो, ट्यूशनवाला असो की नात्यातला, त्याच्याबद्दल त्याच दिवशी विचारपूस व्हायला हवी. इथे भीड नको.

अभ्यासासाठी मुलांना नवनव्या ॲपवर खाते उघडून द्यावेच लागते, असा पालकांचा समज असतो. तसे नाही. बालभारतीची पुस्तके, उर्दू माध्यमाची धरून, पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. केंद्र सरकारचे दीक्षा ॲप 2017 पासून आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड त्यात स्कॅन केला की धड्याचे साहित्य समोर येते, तेही लॉगिन न करता. वायफाय असेल तिथे डाउनलोड करून ठेवले की घरी डेटा लागत नाही. जिथे नाव, जन्मतारीख आणि फोटो द्यावाच लागत नाही, तिथे मुलाची माहिती बाहेर जाण्याचे एक दार मुळात बंदच राहते.

जिथे खाते उघडावेच लागते, तिथे आमच्याकडे एक गोष्ट हमखास घडते. कोकणातल्या कितीतरी घरांत अब्बू आखाती देशात असतात. सुट्टीवर येताना ते जुना फोन मुलासाठी आणतात आणि त्यात गूगल खाते त्यांचेच चालू असते. किंवा लवकर काम व्हावे म्हणून खाते उघडताना जन्मसाल मोठ्या माणसाचे टाकले जाते. यूट्यूबवर 13 ते 17 वयाच्या मुलाने टाकलेला व्हिडिओ आपोआप खासगी राहतो. इन्स्टाग्रामवरही अल्पवयीन मुलांची खाती आपोआप खासगी होतात. पण यंत्राला ते मूल चाळीस वर्षांचे वाटत असेल, तर यातले काहीच लागू होत नाही. खरे वय लिहा. संसदेने 2023 मध्ये मंजूर केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांच्या संमतीची अट आहे. वय खोटे असेल तर ती संमती कोण मागणार?

आता खरी भीती. जुलै 2021 मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी 2022 मध्ये ‘बुल्ली बाई’ या नावांनी मुस्लिम महिलांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय उचलून त्यांचा ऑनलाइन ‘लिलाव’ मांडला गेला. त्यांत पत्रकार होत्या, सामाजिक कार्यकर्त्या होत्या. दोष त्यांचा काडीचाही नव्हता. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी काही तरुणांना अटकही केली. असे काही घडले की घराघरांत एकच निष्कर्ष निघतो, मुलीचा फोन बंद करा. आम्हाला पालकांची काळजी कळते. उपाय मात्र पटत नाही.

धमकी देणाऱ्याचे भांडवल फोटो नसतो, घरची भीती असते. ‘तुझ्या अब्बूंना पाठवेन’ हेच त्याचे वाक्य. फोन जाईल, शाळा सुटेल, रिश्ता लवकर ठरवतील, हे मुलीला आधीपासून माहीत असेल तर ती गप्प राहते. मग तो दुसरा फोटो मागतो, नंतर पैसे. मुलग्यांनाही असेच फसवले जाते, फक्त ते त्याहून उशिरा बोलतात. म्हणून अम्मी-अब्बूंनी काही घडण्याच्या आधीच, साध्या दिवशी, जेवताना मुलांना सांगून ठेवावे: काहीही झाले तरी शाळा बंद होणार नाही, आधी आम्हाला सांग. आणि मग ते पाळावे. एकदा शब्द मोडला की दुसऱ्यांदा मूल सांगत नाही.

प्रत्यक्ष घडलेच तर पैसे देऊ नका आणि रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. समोरच्याचा नंबर, खात्याचे नाव आणि धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 लावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते. 18 वर्षांखालील मुलाचा नग्न फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्या फोटोचा आकड्यांचा एक ठसा तयार होतो आणि सेवेत सहभागी असलेल्या कंपन्या त्या ठशावरून फोटो शोधून काढतात.

मोहल्ल्यातल्या मोठ्यांना एक गोष्ट बजावून सांगावी लागते. ‘सावध राहा’ म्हणत असा फोटो किंवा व्हिडिओ चार ग्रुपवर पुढे पाठवणारे भले लोक असतात. मुलांच्या लैंगिक शोषणाचे चित्र पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब खाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले की ते फोनमध्ये साठवून ठेवणेही पॉक्सोखाली गुन्हा ठरू शकतो. हेतू चांगला होता हे त्या मुलीच्या काय कामाचे?

राहिला ऑनलाइन नाझरा आणि तजवीदचा वर्ग. परगावच्या, कधी परदेशातल्या उस्तादांकडे व्हिडिओवर शिकणारी मुले आता बरीच आहेत आणि सोय खरोखर चांगली आहे. मात्र कुरआन शिकवतात म्हणून चौकशी सोडून देऊ नये. कोण आहेत, कुठल्या मदरशातून शिकले, ओळखीतले कोण त्यांच्याकडे शिकले, हे विचारावे. फोन दिवाणखान्यात ठेवावा, आवाज स्पीकरवर, खोलीचे दार उघडे. चांगल्या उस्तादांना याचा राग येत नाही.

येत्या पालकसभेला आम्ही अम्मींना घरातला फोन घेऊनच बोलावले आहे. डीपी कुणाला दिसतो, ग्रुपमध्ये कोण आपल्याला जोडू शकतो, या दोन सेटिंग्ज तिथेच बदलून घेऊ. दहा मिनिटांचे काम आहे. फोनचा पासवर्ड तेवढा भाईजानकडून विचारून यावे.