अंगणातलं काँक्रीट का फुटतं? आधी पाण्याची वाट, मग सिमेंटची पोती

बेळगाव : रोहिणी नक्षत्र जवळ आलं की शहरात आणि उपनगरांत गवंडी मिळणं मुश्कील होतं. मृगाच्या आत गेटपासून पोर्चपर्यंत काँक्रीट मारून घ्यायचं, पावसाळ्यात गाडीची चाकं चिखलात रुतायला नकोत, एवढाच बहुतेकांचा हिशेब असतो. काम दोन दिवसांत उरकतं आणि मे महिन्यात दिसतंही झकास. पुढच्या वर्षी त्याच अंगणात कडेनं लांबलचक भेग, गेटपाशी ढासळलेला कोपरा आणि घराच्या भिंतीलगत साचलेलं पाणी. मग दोष जातो सिमेंटच्या कंपनीला, नाहीतर गवंड्याला.

सिमेंट बहुतेक वेळा चांगलंच असतं. बिघडलेलं असतं ते त्याच्या खालचं आणि त्याच्या कडेचं. चार इंचाचा थर गाडीचा भार स्वतः पेलत नाही, तो खालच्या मातीवर पसरवून देतो. माती जागची हलली की वरचा थर अधांतरी राहतो, आणि अधांतरी काँक्रीट मोटारीच्या चाकाखाली तुटणारच.

आपल्याकडं हा प्रश्न जास्तच आहे, कारण जिल्ह्यात माती एकसारखी नाही. खानापूरच्या बाजूला लाल, जांभ्याची माती. ती पाणी बऱ्यापैकी खाली सोडते. उलट शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात भाताची काळी जमीन. घरं वाढत गेली तशी बरीचशी याच काळ्या मातीवर उभी राहिली. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काँक्रीट टाकलं की मधली माती झाकली जाते, तिचा ओलावा फारसा बदलत नाही. कडेची मात्र पावसात आधी भिजते आणि उन्हात आधी वाळते. म्हणून कड वर्षातून एकदा वर उचलली जाते, एकदा खाली बसते. कडेपासून फूट-दोन फुटांवर समांतर गेलेली भेग दिसली, की खाली काळी माती आहे आणि पाणी कडेनं आत शिरतंय, असं समजायला हरकत नाही.

पाणी किती येतं, याचाही एकदा हिशेब मांडून बघावा. दहा फूट रुंद आणि तीस फूट लांब, म्हणजे 300 चौरस फुटांचं अंगण धरू. एक इंच पाऊस पडला तर एवढ्या जागेवर 25 घनफूट, म्हणजे सुमारे 700 लिटर पाणी येतं. हजार चौरस फुटांच्या स्लॅबचं पाणी त्याच अंगणात सोडलेलं असेल, तर आणखी 2,300 लिटरच्या वर. हजार लिटरच्या तीन टाक्या अंगणात रिकाम्या केल्यासारखंच ते. आणि बेळगावच्या जुलैत दिवसाला एक इंच म्हणजे काही मोठा पाऊस नव्हे. 2019 च्या ऑगस्टमधले दिवस अजून कोणी विसरलेलं नाही.

त्यामुळं कामाची सुरुवात सिमेंटच्या पोत्यांनी नाही, पाणी कुठं जाणार या प्रश्नानं करायची. रस्त्याकडेचं गटार अंगणापेक्षा खाली आहे की वर, हे आधी बघावं. डोळ्याला सपाट दिसतं ते तसं नसतं. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन पोर्चची कड, गेट आणि गटाराचा तळ यांच्या लेव्हल भिंतीवर खुणा करून घेतल्या, की अर्ध्या तासात सगळं कळतं. गवंड्याकडं ही नळी असतेच. गडबडीत ती पिशवीतून बाहेर निघत नाही, एवढंच.

ढाळ घरापासून बाहेरच्या दिशेनं हवा. दर दहा फुटांना दोन ते अडीच इंच. तीस फुटांत सहा ते साडेसात इंच उतार बघितल्यावर मालकाला तो फार वाटतो आणि तो गवंड्याला कमी करायला लावतो. घरातल्या फरशीचा अंदाज अंगणाला लावला की हीच चूक होते. गाडीच्या चाकानं, पानांनी, शेवाळानं पाणी अडतं, म्हणून बाहेरचा ढाळ सढळच लागतो. काँक्रीटची वरची पातळी घराच्या जोत्यापेक्षा निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे. जुन्या कोब्यावरच नवा थर, त्यावर पुन्हा पेव्हर असं करत करत काही घरांत अंगण जोत्याला येऊन टेकलंय. अशा घरांत भिंतीला येणारी ओल रंगानं जात नाही.

आता गेटाचं बघू. शहरातल्या कितीतरी गल्ल्यांत रस्त्यावर थरावर थर चढले आणि जुनी घरं खाली राहिली. रस्ता वर, अंगण खाली. अशा ठिकाणी ढाळ बाहेर काढताच येत नाही. तिथं गेटच्या आतल्या बाजूला आडवी चर हवी. रुंदी सहा ते आठ इंच, वर लोखंडी जाळी, आणि चरीच्या तळालाही एका टोकाकडं स्वतःचा ढाळ. टोकाला चेंबर करायचं आणि चेंबरचा तळ पाइपाच्या तोंडापेक्षा सहा इंच खोल ठेवायचा, म्हणजे गाळ तिथं बसतो, पाइप तुंबत नाही. पाइप चार इंची घालण्यापेक्षा सहा इंची घालावा. फरक थोड्या पैशांचा असतो, पण आंब्याची पानं अडकली की तो कळतो. जाळी सिमेंटनं पक्की करून टाकू नये. ती उचलता आली नाही तर चर साफ कोण करणार?

हे पाणी गटारात किंवा शोषखड्ड्यात न्यायचं, ड्रेनेजच्या लाइनीत नाही. मैलापाण्याची लाइन पावसाच्या पाण्यासाठी नसते. सगळ्या गल्लीनं अंगणाचं पाणी तिच्यात सोडलं तर मुसळधार पावसात तेच पाणी खालच्या अंगाच्या घराच्या न्हाणीघरातून वर येतं. शेजाऱ्यांची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. उरलेली निम्मी गेटबाहेरच्या उतारावरून. गाडी चढावी म्हणून गटारावर सलग काँक्रीट घालून टाकतात, पुढं ते साफ होत नाही आणि पाणी तुंबतं ते मात्र वरच्या घरापुढं. गटारावर उचलता येणाऱ्या लाद्या किंवा जाड लोखंडी जाळी ठेवली तर गाडीही चढते आणि भांडणही होत नाही. पाणी शेजारच्या कंपाउंडकडं वळवण्याचा सोपा मार्ग काही जण काढतात. तो सोपा पहिल्या पावसापर्यंतच असतो.

पाण्याची वाट ठरली की मग खोदाई. काळी माती असेल तर निदान फूटभर काढून टाकावी आणि तिथं मुरूम भरावा. वर सहा इंच दगडाचं सोलिंग, त्यावर चार इंच काँक्रीट. एकूण खोदाई पावणेदोन ते दोन फुटांची. मुरूम एकदम ओतून वरून पाणी मारलं म्हणजे दबला, असं होत नाही. सहा-सहा इंचांचा थर, थोडं पाणी, मग धुमस किंवा भाड्याचं कॉम्पॅक्टर मशीन. त्यानंतरच पुढचा थर. आपल्या 300 चौरस फुटांना दाबलेला मुरूम 3 ब्रास लागतो, म्हणजे सैल पावणेचार-चार ब्रास मागवावा लागेल. हा खर्च कोणाला दिसत नाही, म्हणून सगळ्यात आधी यालाच कात्री लागते.

दुसरी कात्री लागते कडेला. काँक्रीटच्या थराची सगळ्यात कमकुवत जागा म्हणजे कड आणि त्याहून कोपरा. मधोमध उभ्या गाडीचा भार चारी बाजूंना वाटला जातो. कडेवर चाक आलं की एका बाजूला आधारच नसतो. बहुतेक कंपाउंडांत गाडी वळवताना चाक नेमकं तिथंच येतं. म्हणून कडेचा एक फूट रुंदीचा पट्टा चारऐवजी आठ इंच जाड करावा. तीस फुटांच्या दोन्ही बाजूंना मिळून जादा काँक्रीट भरतं फक्त 20 घनफूट, सिमेंटची साधारण साडेचार पोती. एवढ्यात कडेचं आयुष्य किती वाढतं, हे बघता यापेक्षा स्वस्त काम सगळ्या अंगणात दुसरं नाही.

पेव्हर ब्लॉक घालणाऱ्यांना तर कड म्हणजेच सगळं. ब्लॉक खाली वाळूवर नुसते ठेवलेले असतात, त्यांना एकमेकांत दाबून धरते ती कडेची चौकट. ती सैल झाली की वाळू पाण्याबरोबर निघून जाते आणि ब्लॉक दातांसारखे हलायला लागतात. कडेला नुसता विटांचा एक थर उभा करून वरून गिलावा केला तर तो दोन पावसाळे निघणं कठीण. साधी वीट ओल पिते आणि चाकाच्या धक्क्यानं फुटते. मऊ चिऱ्याचंही तसंच, कोपरे झडतात. घडीव काळा दगड किंवा फूटभर उंचीचा काँक्रीटचा तयार कर्ब स्टोन घ्यावा. तो चार इंच काँक्रीटच्या गादीवर बसवून दोन तृतीयांश जमिनीत राहू द्यावा, आणि मागच्या बाजूनं त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत काँक्रीटचा तिरका टेकू द्यावा. टेकू मातीखाली झाकला जातो. दगड सरळ उभा राहतो तो या टेकूमुळं. सांध्यातलं सिमेंट त्याला धरून ठेवत नाही.

कडेला लागूनच जास्वंद, अबोलीचे वाफे करायची आपल्याकडं हौस असते. काळ्या मातीत वाफा दोन-तीन फूट लांब ठेवलेला बरा. रोज सकाळी नळीनं घातलेलं पाणी शेवटी कडेखालीच मुरतं.

आता खुद्द काँक्रीट. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी हे प्रमाण धरलं तर एक ब्रासला 22-23 पोती लागतात. आपलं 300 चौरस फुटांचं चार इंची अंगण बरोबर एक ब्रासचं. एक-दोन-चार केलं तर चार-पाच पोती वाचतात. त्या बचतीचा मोह धरू नये, पण खरं नुकसान सिमेंट कमी पडल्यानं होतं त्याहून पाणी जास्त पडल्यानं होतं. पोत्याला 30 लिटरच्या वर पाणी नको, वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. पातळ माल पसरायला सोपा जातो म्हणून कामगार बादली ओततात. वाळताना ते जादा पाणी उडून जातं आणि भेगा ठेवून जातं. वर आलेलं पाणी शोषायला कोरडं सिमेंट भुरभुरून घोटायची पद्धतही वाईट. तो पापुद्रा वर्षभरात सुटतो, आणि गुळगुळीत घोटलेल्या कोब्यावर श्रावणात शेवाळ धरलं की घरातली म्हातारी माणसं घसरतात. झाडूची रेघ ओढलेला खरबरीत पृष्ठभागच अंगणाला चांगला.

सळई किंवा जाळी घातली तर ती थराच्या वरच्या भागात, कव्हर ब्लॉकवर ठेवून. सोलिंगवर पसरलेली आणि नंतर उचलतो म्हणून सांगितलेली जाळी तळालाच राहते. चार इंची थराला आठ-दहा फुटांवर सांधा पाहिजे. एक इंच खोल काप दुसऱ्या दिवशीच मारून घ्यावा. भेग पडायचीच आहे, ती आपण आखलेल्या रेघेत पडावी, एवढाच सांध्याचा उद्देश. कोब्यातली काचपट्टी वरवरच असेल तर हे काम करत नाही. घराच्या भिंतीला थर चिकटवू नये. मध्ये अर्धा इंच थर्माकोलची पट्टी ठेवून नंतर ती फट डांबरी मसाल्यानं भरावी.

बाजारात हल्ली बहुतेक पोती पीपीसीची असतात, त्यामुळं दहा दिवस तरी पाणी मारलं पाहिजे. मेच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ नळी फिरवून भागत नाही, तासाभरात सुकतं. ओली पोती किंवा भाताचं पिंजर अंथरून ते भिजत ठेवावं. दुचाकी आठवड्यानं, मोटार निदान पंधरा दिवसांनी.

एवढा खर्च जमत नसेल तर सगळं अंगण झाकायलाच पाहिजे असं नाही. अडीच-अडीच फुटांचे दोन पट्टे, मधोमध ते मधोमध पाच फूट अंतर, आणि मध्ये खडी किंवा हरळी. निम्मं काँक्रीट वाचतं. घरामागं विहीर असेल तर मधल्या पट्ट्यातून मुरलेलं पाणी कामाचंच. मात्र इथं कडा दोनच्या चार होतात, त्या जाड करायला विसरू नये.

या वर्षी ज्यांचं काम अजून सुरूच व्हायचंय, त्यांनी मृगाआधी काँक्रीट उरकायची घाई न केलेली बरी. हाताशी असलेल्या दिवसांत खोदाई, मुरूम, सोलिंग, गेटची चर आणि पाइप एवढंच करून घ्यावं. गाडी पावसाळाभर सोलिंगवर उभी राहू शकते. भरावाला कुठं बसायचं ते तो चार महिन्यांत बसून घेतो, पाणी कुठं तुंबतं तेही दिसतं. दिवाळीनंतर खड्डे भरून, पुन्हा दाबून वर काँक्रीट टाकावं. तेव्हा ऊन मवाळ असतं, पाणी मारणं सोपं जातं आणि गवंडीही फोन उचलतात.