हृदय आपलंच, फुप्फुसं नवी

"ताई, भोक हृदयाला आहे आणि डॉक्टर फुप्फुसं बदला म्हणतात. हे काय भलतंच?" शेजारच्या वहिनी पुतणीचे रिपोर्ट घेऊन आल्या. तीस वर्षं नर्सची नोकरी केली, त्यामुळे गल्लीतले रिपोर्ट माझ्याकडेच येतात.

पुतणी अठ्ठावीसची. भोक लहानपणीच कळलं होतं. "पोरीची जात, छाती चिरली तर लग्न कसं जमायचं?" म्हणून घरच्यांनी ऑपरेशन टाळलं. आता चार पायऱ्या चढली तरी ओठ निळे पडतात.

भोक मोठं असलं की वर्षानुवर्षं जादा रक्त फुप्फुसांत जातं. तिथल्या रक्तवाहिन्या जाड, कडक होतात, दाब वाढतो. शेवटी प्रवाह उलटतो आणि अशुद्ध रक्त अंगभर फिरतं. याला आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. या टप्प्यावर नुसतं भोक बुजवणं धोक्याचं. दिवस राहिले तर तेही जिवावर बेततं.

१९८१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉ. ब्रूस राइट्झ यांनी फुप्फुसांतला दाब वाढलेल्या एका बाईंचं हृदय आणि फुप्फुसं दोन्ही बदलली. त्या पुढे पाच वर्षं जगल्या. पण भोक साधं असेल, हृदयाचे स्नायू धड असतील, तर निवडक रुग्णांत हृदय त्यांचंच ठेवतात. एकाच ऑपरेशनमध्ये भोक बुजवायचं आणि नवी फुप्फुसं बसवायची. दाब उतरला की हृदयावरचा भारही उतरतो. शिवाय दात्याचं हृदय दुसऱ्या कुणाला देता येतं. फुप्फुसं निकामी झालेल्या काही वयस्कांमध्ये याच वेळी बायपास किंवा झडपेची दुरुस्तीही करतात.

सोपं मात्र काही नाही. दाता मिळेपर्यंत वाट पाहायची. नंतर जन्मभर गोळ्या, आणि जंतुसंसर्गाची भीती कायम.

वहिनी ऐकून गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "तेव्हाच केलं असतं तर?" काय उत्तर देणार? तेव्हा भोक बुजवलं असतं, तर बहुधा ही वेळच आली नसती.

म्हणून मैत्रिणींनो, बाळ दूध पिताना दमत असेल, घामाघूम होत असेल, वजन धरत नसेल तर वेळीच डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तर इको करून घ्या. काही लहान भोकं आपोआप बुजतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, नातेवाइकांनी नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते. त्या दिवशी मुलीला घरी ठेवू नका.

छातीवरचा वण ब्लाउजखाली झाकतो हो. निळे ओठ कुठे झाकणार?