चैत्रांतील उष्मा व वाऱ्याची दिशा
साप्ताहिक हवामानपत्रक हातीं येतांच कोंकणांतील बागाईतदार प्रथम उष्णमानाचा आंकडा पाहतात. आमच्या मतें प्रथम वारा पाहावा. फाल्गुन-चैत्रांत सकाळीं जमिनीवरून पूर्वेचा कोरडा वारा असतो. दुपारच्या सुमारास समुद्राचा खारा वारा येऊन उष्मा आवरतो. पूर्वेचा वारा जोरकस असल्यास खारा वारा उशिरां पोहोंचतो, आणि तेवढ्या अवधींत पारा झपाट्यानें चढतो. किनाऱ्यावर उष्णमान निदान ३७ अंश, व सरासरीहून साडेचार अंश अधिक झाल्यास हवामानखातें उष्णतेची लाट मानतें. देशावर हीच मर्यादा ४० अंशांची आहे.

पत्रकांत पूर्वेचा वारा दिसतांच हापुसाच्या आळ्यांत गवत-पाचोळ्याचें आच्छादन घालावें. तापल्या जमिनीची (जांभ्या कातळाची तर फारच) धग लागून फळांत साका वाढतो. काढणी सकाळींच उरकावी. उतरलेलें फळ उन्हांत ठेवूं नये.