जुन्या गाडीचे हरवलेले अवयव

थंडीच्या दिवसांत एखाद्या रविवारी जुन्या मोटारगाड्यांची मिरवणूक शहरातून निघते, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या मंडळींची नजर झळकणाऱ्या दिव्यांवर आणि ताज्या रंगावर खिळून राहते. 'द स्टेट्समन' या वृत्तपत्राने १९६४ साली सुरू केलेल्या मेळाव्यामुळे ही हौस आपल्या देशात चांगलीच रुजली. परीक्षक मात्र रंगावर भुलत नाहीत. ते बॉनेट उघडून आत डोकावतात. गाडीचे भाग तिचेच आहेत की दुसरीकडून आणून बसवले आहेत, हे त्यांना पाहावयाचे असते. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले, त्यांतही वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे अशी अट आहे. तेव्हा एखादा सुटा भाग मिळवणे आणि तो नेमका ओळखणे, या कामाला हौसेपलीकडेही महत्त्व आले आहे.

हे काम किती नाजूक असते, याचा अनुभव पुण्यातील आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांना आला. त्यांच्या घरी आजोबांची 'हिंदुस्थान टेन' गाडी कित्येक वर्षे ताडपत्रीखाली पडून होती. १९४२ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडमधील 'मॉरिस टेन' या गाडीच्या आधारे ही गाडी आपल्याकडे आणली. पुढे १९५४ च्या सुमारास 'लँडमास्टर' आली आणि ही मागे पडली. गुरुजींच्या मातोश्री नव्वदीला टेकलेल्या. लग्न होऊन त्या सासरी आल्या त्या याच गाडीतून. त्यांना तीत बसवून एकवार फिरवून आणावे, एवढीच गुरुजींची इच्छा होती, आणि वेळ फार नव्हता.

काम सुरू होताच इंजिनावरचा एक लहानसा बोल्ट तुटला. बोल्टाच्या डोक्याला व्हिटवर्थ मापाचा इंग्रजी पाना चपखल बसत होता, म्हणून गॅरेजमधील तरुण मिस्त्रीने आटेही इंग्रजीच असणार असे धरले. त्याने पाच-सोळांश इंचाचा बोल्ट लावला. तो दोन-तीन फेरे सहज गेला आणि अडला. मिस्त्रीने जोर केला. बिडाच्या ठोकळ्यातील आटे भुगा होऊन बाहेर आले.

इंजिनाचा ठोकळा म्हणजे गाडीचा प्राण. दुसरा मिळण्याची आशा जवळजवळ नव्हतीच. गुरुजी तुटका बोल्ट रुमालात बांधून मुंबईच्या चोरबाजारात गेले. पाचसहा दुकानांतून नकारघंटा ऐकल्यावर एका वृद्ध दुकानदाराने तो तुकडा हाती घेतला, दातेरी पात्यांचे गेज त्यावर टेकवले आणि उजेडाकडे धरून पाहिले.

"साहेब, गाडी मॉरिसच्या घराण्यातली आहे काय?"

"होय चाचा. आपल्याला कसे कळले?"

"डोके विलायती, अंग फ्रेंच. अशी सोयरीक मॉरिसनेच जमवली."

चाचांच्या बोलण्यामागे खराखुरा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रनिर्मात्यांनी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे कारखाना काढला. युद्ध संपल्यावर तोच कारखाना मॉरिससाठी इंजिने बनवू लागला आणि १९२३ साली मॉरिसने तो विकतच घेतला. तेथील यंत्रे फ्रेंच मापाची, म्हणून आटे मिलिमीटरमध्ये पडत. परंतु इंग्रज मिस्त्रींचे पाने चालावेत म्हणून बोल्टांची डोकी मात्र व्हिटवर्थ मापाची ठेवली गेली. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर आणि मॉरिसचा बोल्ट ८ मिलिमीटरचा. डोळ्यांना हा फरक दिसणे शक्यच नाही. शिवाय आज बाजारात मिळणाऱ्या ८ मिलिमीटर बोल्टाच्या आट्यांत सव्वा मिलिमीटरचे अंतर असते, तर मॉरिसच्या आट्यांत अवघे एक मिलिमीटर. म्हणजे आजचा बोल्ट लावला असता तरी परिणाम तोच झाला असता! तरुण मिस्त्रीला दोष देणे म्हणूनच आम्हांला जड जाते.

बिघडलेले भोक मोठे करून त्यात आटे पाडलेली बुश बसवली, तेव्हा ठोकळा वाचला. बोल्ट लेथवर कातून घेतले. याच घराण्याचे इंजिन एम.जी. गाड्यांतही असल्याने इंग्लंडमध्ये त्यांच्या शौकिनांसाठी असे बोल्ट आजही तयार होतात, हे गुरुजींना पुढे कळले.

जाणकार मंडळी म्हणूनच गाडीचे नाव सांगून भाग मागत नाहीत. जुना भाग सोबत नेतात. वीजसाहित्य ल्यूकसचे, कार्बुरेटर एस.यू.चा, ब्रेक लॉकहीडचे, अशा रीतीने एकाच पुरवठादाराचा माल अनेक इंग्रजी गाड्यांत बसत असे. मॉरिसचा डिस्ट्रिब्यूटर म्हणून शोधत फिरावे आणि तो वुल्झलीच्या भंगारात सापडावा, असे घडते. धूळ आणि ग्रीस पुसले की धातू स्वतःच बोलू लागतो. ल्यूकसच्या अनेक भागांवर महिना आणि वर्ष ठोकलेले असते. ते गाडीच्या जन्मापूर्वी थोडे महिने असेल तर भाग मूळचा असण्याचा संभव. नंतरचे असेल तर कोणीतरी बदललेला आहे हे नक्की. शेव्हरोलेच्या ओतीव ठोकळ्यांवर महिन्यासाठी ए ते एल अशी अक्षरे, मग तारीख आणि वर्षाचा केवळ शेवटचा आकडा असतो. 'सी १७ ८' म्हणजे १७ मार्च, पण १९३८ की १९४८? तेथे शेजारचा ओतकामाचा क्रमांक पाहावा लागतो. त्या क्रमांकावरही फार विसंबू नये, कारण एकाच ओतकामातून कातकाम बदलून दोन वेगळे भाग तयार होत असत.

अमेरिकन गाड्यांच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक अडचण येते. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्यास आरंभ केला. त्या उजव्या हाताने चालवण्याच्या. अमेरिकेतील भंगारात मात्र सारा डाव्या हाताचा माल. स्टिअरिंगची पेटी तेथून मागवून काय करणार? तिचा शोध ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, नाही तर कोलकात्याच्या मलिक बाजारात किंवा चेन्नईच्या पुदुपेट भागात घ्यावा लागतो.

आता नकलांविषयी. मूळ भागाचाच साचा करून वाळूत ओतलेली प्रत दिसायला हुबेहूब असते, पण बीड थंड होताना शेकडा एक या प्रमाणात आक्रसते. तीनशे मिलिमीटरचा भाग तीन मिलिमीटरने आखूड भरला, तर तो कोठे जन्मला हे निराळे विचारावे लागत नाही. शोभेच्या भागात हे चालून जाईल. स्टिअरिंगच्या किंवा ब्रेकच्या भागात ओळखीची चूक जिवावर बेतू शकते.

याउलट, अस्सल आणि कधीही न वापरलेला भाग निकामी निघतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. जस्ताच्या मिश्रधातूच्या मुठी आणि कार्बुरेटर पूर्वी साच्यात ओतून बनवीत. त्या जस्तात शिशाचा अंश राहिला असेल, तर दमट हवेत धातू आतून पोखरत जातो, फुगतो, तडकतो. ऐंशी वर्षे खोक्यात जपलेली वस्तू हातात येताच तिचे तुकडे होतात.

गुरुजींच्या गाडीच्या मागच्या दाराची आतली मूठ अशीच तडकली होती. त्यांनी ती काढून, महत्प्रयासाने मिळवलेली त्याच नमुन्याची मूठ बसवली. गाडी सुरू झाली त्या सकाळी मातोश्रींना मागच्या आसनावर बसवले. त्यांनी आसनावरून हात फिरवला, दाराची मूठ चाचपली आणि म्हणाल्या, "ही आपली नव्हे रे. आपल्या मुठीवर सासूबाईंच्या पाटलीचा ओरखडा होता."

ती मूठ सुदैवाने खिळ्यांच्या डब्यात पडली होती. आता ती पुन्हा जागेवर गेली आहे. मागचे ते दार तेवढे बाहेरून उघडावे लागते.