धुराची किंमत कोणी मोजावी?

कापसाची शेवटची वेचणी संपली की बेल्याच्या शिवारात पऱ्हाटीचे ढीग पेटतात. गुलाबी बोंडअळीचा ठाव मोडण्यासाठी पऱ्हाटी उपटणे भागच असते, आणि ती वाहून नेण्यापेक्षा काडी लावणे स्वस्त. वाचलेली मजुरी शेतकऱ्याची. धूर मात्र साऱ्या गावाचा. ज्याने धूर केला त्याच्या हिशेबवहीत तो खर्ची पडत नाही, हेच प्रदूषणाचे अर्थशास्त्र. तो कर बसवून खर्ची टाकावा, असे केंब्रिजच्या पिगू यांनी १९२० सालीच सुचविले होते.

आपल्या १९८१ च्या कायद्याने दुसरी वाट धरली : धुराड्यास मर्यादा, आणि ती मोडल्यास खटला, तुरुंग किंवा टाळे. (२०२३ च्या दुरुस्तीने पुष्कळ ठिकाणी तुरुंगाऐवजी दंड आला.) ही मर्यादा घनमीटरमागे धूळ किती एवढेच पाहते, धुराडे किती तास चालले, हे पाहत नाही.

सुरतेत २०१९ साली निराळा प्रयोग झाला. तेथील कापडधंद्यात आपले खानदेशी बांधव मोठ्या संख्येने राबतात, म्हणून तो आम्हांस जवळचा वाटतो. तीनशेहून अधिक कारखान्यांतून सुमारे निम्मे चिठ्ठ्या टाकून निवडले गेले. धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे होतीच. एकूण धूळ किती सुटावी हे गुजरातच्या मंडळाने ठरवून तेवढेच परवाने काढले. कोणास किलोभर धूळ अडविणे स्वस्त पडते, कोणास महाग. पहिल्याने अधिक अडवावी आणि उरलेले परवाने दुसऱ्यास विकावे. भाव किलोस ५ ते १०० रुपयांच्या आत बांधलेला. धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटली, आणि ती अडविण्याचा खर्चही सुमारे ११ टक्के कमी पडला.

ही तर पैसे टाकून धूर सोडण्याची मुभा, असे आम्हांसही प्रथम वाटले होते. एकूण माप वाढत नाही हे ध्यानी आल्यावर तो आक्षेप पुष्कळसा गळाला. तरी ज्याच्या घराशेजारचेच धुराडे परवाने विकत घेते, त्याचे समाधान हा बाजार करू शकत नाही.

बेल्यास ही तऱ्हा लागू पडेल काय? पूर्वेस हद्दीपलीकडे कोरपना तालुक्यात आवारपूर, गडचांदूर, उपरवाही येथे सिमेंटचे कारखाने आहेत. तेथील धुराडी मोजता येतील. पण मंडळे दोन राज्यांची दोन, आणि वारा एकच. पऱ्हाटीच्या ढिगास तर यंत्रच लावता येत नाही, आणि शेतोशेत फिरून दंड वसूल करावा तर वसुलीच दंडाहून महाग व्हायची. येथे हिशेब उलटा मांडावा लागेल. पऱ्हाटीची कुट्टी करून जळणाच्या कांड्या बनतात. त्यासाठी बांधावर येऊन कोणी ती विकत घेतली, तर काडी लावणाऱ्याचेच नुकसान. मात्र तो भाव उपटणी आणि वाहतूक यांचा खर्च भागवून चार पैसे हाती ठेवणारा हवा. तो देण्यास आज बेल्याच्या बांधावर कोण येणार?