विश्लेषण : ‘ऑनर्स’ पदवीतले समाजसेवेचे तास धरमतर खाडीकाठी उपयोगी पडतील का?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या विद्यार्थ्यांना गावात जाऊन केलेल्या कामाचे श्रेयांक मिळू लागले आहेत. चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवीचा पर्यायही आहे. पेण, अलिबाग, रोहा परिसरातील महाविद्यालयांपासून धरमतर खाडी आणि तिच्या काठचा खारेपाट दूर नाही. तिथे विद्यार्थ्यांच्या या तासांतून काय साधता येईल?

नेमका बदल काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्ससाठी किमान १६० श्रेयांक लागतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधन निवडता येते. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो.

महाराष्ट्रात हा बदल स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. म्हणजे संलग्न महाविद्यालयांतील पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात जाईल. त्याआधी दुसऱ्या वर्षापासूनच क्षेत्र प्रकल्प आणि ‘समाज सहभाग व सेवा’ हे घटक सुरू होतात. प्रत्येकी साधारण दोन श्रेयांक. अशा कामात एक श्रेयांक म्हणजे ३० तास, म्हणजे एका घटकासाठी ६० तास मिळतात.

ही कल्पना नवी आहे का?

नाही, आणि तिच्या इतिहासात रोह्याचे नाव आहे. रोह्यात बालपण गेलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख पुढे यूजीसीचे अध्यक्ष झाले. १९५९ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली. शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी, अशी शिफारस समितीने केली. ती सक्ती प्रत्यक्षात आली नाही. पुढे २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ऐच्छिक स्वरूपात राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) सुरू झाली. तिच्यात वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते.

फरक असा, की एनएसएस अभ्यासक्रमाबाहेर राहिली. नव्या रचनेत सेवेचे काम थेट पदवीच्या हिशेबात आले आहे.

खाडीकाठचे प्रश्न कोणते?

सह्याद्रीत उगम पावणारी अंबा नदी नागोठण्याच्या पुढे धरमतर खाडीचे रूप घेते आणि मुंबई बंदराच्या तोंडाशी समुद्राला मिळते. काठची भातशेती बांध घालून खाडीपासून वाचवलेली आहे. बाहेरकाठा भरतीचे पाणी अडवतो आणि उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर पडते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड गेली की खारे पाणी शेतात शिरते. खांड वेळेत बुजवली नाही, तर पुढचे हंगाम हातचे जातात. पडीक खाचरांत हळूहळू तिवरे वाढतात. तिवरांना कायद्याचे आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांचे संरक्षण असल्याने ती परवानगीशिवाय हटवता येत नाहीत. सातबारावर भातशेती, जागेवर कांदळवन, अशी स्थिती होते.

दुसरा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा. हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे आणि त्याचे पाणी नवी मुंबई परिसरालाही जाते. मात्र याच तालुक्यातील खारेपाटाच्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

साठ तासांत काय होऊ शकते?

प्रश्न सुटणार नाही, पण मोजता येईल. मातीतला खारेपणा विद्युतवाहकतेवरून मोजतात. चार डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आकडा गेला, की माती खारवट मानली जाते. भाताचे उत्पादन त्याआधीच घटू लागते. साधे मीटर वापरून रसायनशास्त्राचे विद्यार्थी एका गावाची खाचरे तपासू शकतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ असे क्षार सहन करणारे भाताचे वाण दिले आहेत. कोणत्या खाचरात ते उपयोगी पडतील, हे ठरवायला शेतकऱ्याला हेच आकडे लागतात.

विहिरींचेही तसेच. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. भूगोलाचे विद्यार्थी जुन्या-नव्या उपग्रह छायाचित्रांवरून कोणत्या साली कुठे खांड गेली आणि तिवरे कधी आली, हे शोधू शकतात. बांधाची डागडुजी पूर्वी कशी होत असे, याच्या ज्येष्ठांनी सांगितलेल्या आठवणी मराठी आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नोंदवता येतील.

रायगडमध्ये असे काम झाले आहे का?

आयआयटी मुंबईत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे ‘सितारा’ केंद्र आहे. त्याच्या विद्यार्थ्यांनी कर्जत तालुक्यातील नळपाणी योजनांचा गावोगाव जाऊन अभ्यास केला. योजना कागदावर पूर्ण असूनही पाणी का येत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. विद्यार्थ्याचा प्रकल्प आणि गावाची गरज एकाच कामात कशी बसते, याचे ते उदाहरण. हीच पद्धत इतर महाविद्यालयांपर्यंत नेण्यासाठी राज्य सरकारने २०१६ मध्ये ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आखले.

अडचणी काय?

पहिली मनुष्यबळाची. ‘संशोधनासह ऑनर्स’ सुरू करायचे, तर विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत, असे यूजीसीच्या सूचना सांगतात. रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर चालणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयांना ही अट जड जाते. म्हणजे ज्यांच्या दारात प्रश्न आहे, त्याच विद्यार्थ्यांना चौथ्या वर्षासाठी शहर गाठावे लागू शकते.

दुसरी वेळापत्रकाची. माती आणि विहिरी सर्वात खाऱ्या असतात त्या एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमक्या परीक्षा-सुट्टीच्या काळात. उधाणाचा धोका पावसाळ्यात, तेव्हा नवे सत्र जेमतेम रुळलेले असते.

तिसरी विश्वासाची. दर वर्षी नवी मुले येऊन तेच प्रश्न विचारतात आणि अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात जातो, असे झाले तर चौथ्या खेपेला गावकरी दारात उभे करणार नाहीत.

मग काय करायला हवे?

यासाठी मोठा निधी लागत नाही. दर वर्षी त्याच विहिरी आणि तीच खाचरे, ठरलेल्या महिन्यांत मोजावीत. एका तुकडीची वही पुढच्या तुकडीकडे जावी. अहवाल मराठीत असावा आणि गुण देण्यापूर्वी तो ग्रामसभेत वाचला जावा. एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी. असे चालले तर २०२७ मध्ये चौथ्या वर्षात जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती संशोधनासाठी काही वर्षांच्या तयार नोंदी असतील. आणि बांधाच्या दुरुस्तीसाठी अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या खाचरात खारेपणा किती वाढला, हे आकड्यांत दाखवता येईल.